एक सूत डावीकडे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मोकाशी कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी डावा डोळा मिटतात. मग भिंतीवरचं घड्याळ, लग्नाचा फोटो, पडद्याची दांडी, जे काही टांगलेलं असेल ते उजव्या डोळ्याने निरखून निकाल देतात, "एक सूत डावीकडे घ्या." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्यासाठी कुणी स्टुलावर चढतं का? पण वारज्यातल्या आमच्या सोसायटीत सगळे चढतात, कारण घड्याळ हलेपर्यंत मोकाशी चहाला हात लावत नाहीत.

बांधकामांवर सुपरवायझर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. दाराखिडक्यांच्या चौकटी ओळंब्यात बसवून घेता घेता ते स्वतः निवृत्त झाले, डोळा मात्र झाला नाही. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांना ते भर मंगलाष्टकात म्हणाले, "उजवीकडचे, जरा वर घ्या. उतार आलाय." अंतरपाट वर गेला. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो, पण ओळख दाखवली नाही.

असा माणूस गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला आला. मी नुकताच एक फोटो टांगला होता आणि तो माझ्या लौकिकाला साजेसा, म्हणजे मांजरालाही कळेल इतका कललेला होता. मोकाशींनी डोळा मिटला, पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे." पुढची चकली उचलली.

मला कोण आनंद झाला! ते गेल्यावर मी बायकोला, मंदाला म्हणालो, "हरले बघ तुझे मोकाशी."

"अहो, आज त्यांनी उजवा, नेहमीचा डोळा मिटला होता. डाव्याला कुठे सवय आहे?" मंदा म्हणाली. "आणि परवा जिन्यात माझ्या भाजीच्या पिशवीवर उजव्या बाजूने आदळले. चिडले नाहीत. मोकाशी चिडले नाहीत, कळतंय का?"

मग मात्र मीही घाबरलो. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर त्यांनी खिशातून थेंबांची बाटली काढली. "डोळा लाल होतो अधूनमधून. औषध आहे माझ्याकडे." डॉक्टरांनी म्हणे पहिल्यांदा डोळ्याच्या आत सूज आहे म्हणून हे थेंब दिले होते आणि आठवड्याने दाखवायला सांगितलं होतं. चार दिवसांत लाली गेली. "मग दाखवायचं काय? गळती थांबल्यावर आपण प्लंबरला चहाला बोलावतो का?" त्यानंतर डोळा लाल झाला की तीच जुनी चिठ्ठी, तेच थेंब, मनाला येईल तितके. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत होती, ती त्यांनी दिव्यांच्या खात्यावर टाकली होती. "हल्लीचे बल्ब फालतू."

मी रिक्षा बोलावली आणि त्यांना जवळजवळ ढकललं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. बराच वेळ तपासून म्हणाल्या, "उजव्या डोळ्यात काचबिंदू झालाय, काका. सुजेमुळे."

"मग काढून टाका. माझ्या भावाचा मोतीबिंदू काढला तसा."

"तो काढता येतो, हा नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची." मग त्यांनी समजावलं, की डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं. आतल्या सुजेने ती जाळी तुंबते, पाणी साठतं, दाब वाढतो आणि मागची नस दबून मरत जाते. शिवाय हेच सुजेचे थेंब तपासणीशिवाय घेत राहिलं, तर काहींचा दाब त्यानेही वाढतो.

मोकाशींना हे माझ्याआधी कळलं. "म्हणजे जाळी तुंबलेली आणि नळ चालू. वर मीच सिमेंट ओतत होतो." त्यांनी बाटली कचऱ्याच्या डब्यावर धरली.

"अहो थांबा! एकदम बंद केलं तर सूज उलटेल. मी सांगीन तसं कमी करायचं, आणि दाबासाठी हे दुसरे थेंब."

मोकाशींनी बाटली परत खिशात ठेवली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही इतक्या हळू आवाजात की हे मोकाशीच का, असं मला वाटलं. "डावा शाबूत राहील ना? हाताभरावरचं नीट दिसलं तरी पुरे. लांबचं जाऊ द्या."

हाताभरावर यांचं काय आहे, ते मला कळेना. पेपर तर ते वाचत नाहीत, मथळे वाकडे असतात म्हणून.

त्यानंतर ते थेंब सांगितल्याप्रमाणे घालू लागले आणि तपासणीला न बोलावता जाऊ लागले. माघात डॉक्टरबाई म्हणाल्या, "दाब ताब्यात आहे. सूज नाही. डावा उत्तम." बाहेर येताच मोकाशींनी उजवा डोळा मिटला, एव्हाना सरावलेल्या डाव्याने दवाखान्याच्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक सूत डावीकडे हवी होती." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी रस्त्यातच त्यांचा हात दाबला. त्यांनी तो लगेच सोडवून घेतला.

बातमी सांगायला मी त्यांच्या घरात शिरलो. सुमनताई, त्यांच्या पत्नी, खिडकीपाशी खुर्चीत होत्या. अर्धांगापासून त्यांचा उजवा हात चालत नाही आणि डावा थरथरतो. मोकाशींनी हात धुतले, कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि सुमनताईंच्या कपाळावर एक टिकली लावली. मग हाताभर मागे सरून उजवा डोळा मिटला. पुन्हा पुढे झाले, नखाने टिकली कणभर सरकवली आणि चहा टाकायला आत गेले.

"बरी आहे ना आता?" सुमनताईंनी मला हळूच विचारलं. "इतके दिवस भुवईवर लागत होती हो. रोज."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांनी लावणंच सोडलं असतं. त्यापेक्षा मीच आरशात बघायचं सोडलं."

मोकाशी चहा घेऊन आले, आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या तोंडाकडे संशयाने पाहिलं.

"अहो," सुमनताई त्यांना म्हणाल्या, "जरा आरसा द्या बघू."