खालचं नीट

आमच्या इमारतीत दोन ‘नीट’ चालतात. वरच्या मजल्यावर माझं, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं. आणि खाली तायडे सरांचं, जे ते दिवसभर ओरडत असतात. ‘नीट उभा राह्य.’ ‘नीट धर.’ ‘श्वास नीट सोड, म्हशीवानी फुसफुस नको करू.’ मी वर केमिस्ट्रीची समीकरणं सोडवत असतो आणि पायाखालून ‘नीट, बह्याडा, नीट’ असं ऐकू येत असतं. माझे विद्यार्थी ते आपल्यालाच समजून ताठ बसतात, एवढाच काय तो मला फायदा.

तायडे सर रायफल शूटिंग शिकवतात. दहा मीटरवर कागद टांगायचा, हवेच्या दाबावर चालणारी रायफल घ्यायची आणि कागदाच्या मधोमध बारीक छर्रा मारायचा, असा तो खेळ. इमारत मूळची जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्याची. कापूस गेला, तेव्हा मालकाने वरची कचेरी मला दिली आणि खालचं गोदाम त्यांना. गोदामाच्या तुळयांना अजून रुई चिकटलेली आहे. वारा सुटला की ती नेम धरलेल्या पोरांच्या नाकात जाते, आणि सर म्हणतात, शिंक आली तरी पाय हलता कामा नये.

दारावर ‘शूटिंग शिकवले जाईल’ अशी पाटी आहे. अकोल्यात शूटिंग म्हणजे लग्नाचं. त्यामुळे तुळशीचं लग्न लागलं की वधूपिते येऊन ड्रोन आहे का म्हणून चौकशी करतात. सर त्यांना आधी बसवतात, पाणी देतात, आणि मग नवरदेव दहा मीटरवर किती वेळ न हलता उभा राहील ते विचारतात. लोक पाणी अर्धवट ठेवून जातात.

पण खरी कमाल मूर्तिजापूरच्या एका गृहस्थांनी केली. ते मुलाला घेऊन आले, खालच्या दारातच थांबले आणि ‘नीट इथंच शिकवतात का’ म्हणून विचारलं. सर म्हणाले, ‘हाव. इथं नीटच शिकवतो.’ गृहस्थ पोराला सोडून निश्चिंत मनाने परतीच्या गाडीत बसले. पोरगं तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पाय फाकवून उभं होतं. चौथ्या दिवशी त्याने भीत भीत विचारलं, फिजिक्स कधी सुरू होणार. सरांनी त्याला जिना दाखवला. वर आल्यावर तो मला म्हणाला की खालचे सर जास्त चांगलं शिकवतात, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सर पोलीस खात्यातून निवृत्त झाले. नोकरी सगळी अमरावतीत, तीही शस्त्रागारात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रायफली पुसल्या, तेल दिलं, मोजून आत ठेवल्या. उंची बेताची, मिशी बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. ‘बंदूक’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. बंदूक दरोडेखोराची, आपली रायफल. रायफलीचं तोंड माणसाकडे वळलं, मग ती रिकामी का असेना, तर त्या पोराला आठवडाभर सुट्टी. आमदारांच्या पुतण्यालाही त्यांनी अशी सुट्टी दिली होती, आणि तो आठवडा संपल्यावर मुकाट परत आला.

पहिले पंधरा दिवस छर्रा मिळतच नाही. रायफलीच्या नळीवर कापसाची सरकी ठेवायची आणि रिकामा घोडा दाबायचा. सरकी पडली की पुन्हा. पोरं कंटाळतात, आया भांडायला येतात, आमच्या पोट्ट्याने अजून एकही गोळी मारली नाही म्हणतात. सर त्यांना शांतपणे सांगतात की तुमचं पोट्टं अजून उभंच राहायला शिकून राहिलं.

आणि छर्रा मिळाल्यावरही खरी गंमत पुढेच. सरांचा लाडका शब्द ‘नीट’ नाहीच, तो आहे ‘उतरव’. नेम धरला, आठ-दहा सेकंद झाले, हात डळमळायला लागला, तर मारायचं नाही. रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. हे जगात सगळीकडेच शिकवत असतील, पण सर त्याचं कौतुक करतात. फळ्यावर पोरांची नावं, आणि नावापुढे किती वेळा मधोमध मारलं ते नाही, किती वेळा न मारता उतरवलं ते. ज्याने सर्वांत जास्त उतरवलं त्याला रविवारी कचोरी. मी एकदा म्हटलं, सर, अशाने तुमचे विद्यार्थी स्पर्धेत एकही गोळी न मारता कचोरी खाऊन घरी येतील. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आता साक्षीबद्दल. साक्षी माझी विद्यार्थिनी. तेल्हाऱ्याची, घरी कापूस आणि हरभरा. ती ‘रिपीटर’ होती, म्हणजे एकदा परीक्षा देऊन, नापास शिक्क्याशिवाय नापास होऊन, पुन्हा बसणारी. अकोल्यात अशी पोरं हजारांनी आहेत आणि माझं घर त्यांच्यावरच चालतं, तेव्हा मी काही साळसूदपणाचा आव आणत नाही. वर्गात तिला सगळं यायचं. चाचणीचा कागद समोर आला की हात थरथरायचा, पेन निसटायचं, येणारी उत्तरंही चुकायची.

एका दुपारी खालच्या आरडाओरड्याने माझं डोकं उठलं, म्हणून मीच तिला खाली पाठवलं, की सरांना सांग, आवाज कमी करा. ती तासाभराने वर आली. दुसऱ्या दिवशी न सांगता गेली. मग रोजच जायला लागली. महिनाभराने मी भांडायला खाली उतरलो, तर ती रायफल खांद्याला लावून उभी होती. सरांनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं, आणि मी, एवढा मोठा केमिस्ट्रीचा सर, बघ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या रेषेमागे गुपचूप उभा राहिलो.

ती नेम धरून होती. नळीचं टोक जरासं हललं. ‘उतरव,’ सर म्हणाले. तिने उतरवली, श्वास घेतला आणि हसली. वर्षभरात ती हसलेली मी पाहिली नव्हती. तरी भांडायला आलो होतो, म्हणून म्हटलं, हिची परीक्षा जवळ आली आहे. सर म्हणाले, ‘हिचा हात थरथरून राहिला होता, ते तुमच्या कोणत्या धड्यात हाय?’ मी आणखी रागावलो आणि वर आलो.

परीक्षा झाली. हात थरथरला नाही, असं तिने मला स्वतः सांगितलं. गुणही वाढले. पण नंबर लागण्याइतके वाढले नाहीत.

निकालानंतर चारच दिवसांनी तिचे वडील आले. खुर्चीच्या टोकावर बसले. अजून एक वर्ष बसवू म्हणाले. भरलेला फॉर्म बरोबरच आणला होता. मी तो हातात घेतलाही. साक्षी दाराशी उभी राहून फरशीकडे बघत होती. मला दिसत होतं की ही पोरगी आणखी एक वर्ष सोसणार नाही. दिसत होतं आणि तरी मी फॉर्मवरचा जन्मदिनांक तपासत होतो.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तायडे सर माझ्या क्लासमध्ये कधी आले नव्हते. टोपी हातात, दम लागलेला. साक्षी सकाळीच त्यांना भेटून आली होती, हे मला नंतर कळलं.

‘भाऊ, मी खालचा,’ ते म्हणाले. ‘तुमच्या पोरीले बंदूक शिकवतो.’

बंदूक म्हणाले. माणूस किती घाबरलेला होता ते मला त्यावरून समजलं.

‘माह्या पोराले म्या चार खेपा बसवलं. दरसाली तो नको म्हणे, मी म्हणो, अजून एक डाव. चौथ्या खेपेले लागला. डॉक्टर हाय आता, नाशिकले.’

वडिलांचा चेहरा खुलला. ‘मंग चांगलंच झालं ना.’

‘हाव. चांगलं झालं. दवाखाना हाय, घर हाय. माह्यासंग बोलत नाही. त्याची माय गेली तवा आला, तिसऱ्या दिवशी वापस गेला. इथं परक्याच्या पोरायले रोज उतरव म्हणतो. त्याले एकडाव नाही म्हटलं.’

या माणसाचा मुलगा डॉक्टर आहे, हे सात वर्षं एका छपराखाली राहून मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

वडील मुलीकडे वळले. ‘तुले काय करायचं हाय?’

‘शेतकी शिकायचं हाय.’

‘शेतीच करायची, तं अकोल्याले कायले आली?’

‘शेती नाही बाबा, शेतकी. बियाण्याचं शिकायचं हाय मले.’

‘मंग पयले काहून नाही बोलली?’

‘तुमी फॉर्म भरूनच आणत होते.’

वडिलांनी माझ्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. मी तो परत दिला. त्यांनी त्याची चौकोनी घडी करून खिशात ठेवली आणि साक्षीला म्हणाले, चाल, सामान बांध.

साडेपाचच्या बसने दोघं निघाली. सर फाटकापर्यंत पोचवायला गेले. ‘पोचल्यावर फोन करजो,’ त्यांनी तिला सांगितलं. आपल्याकडे हे सगळेच सगळ्यांना सांगतात, आणि पोचणारे बहुधा विसरतात.

सात वाजता माझा शेवटचा वर्ग सुटला. खाली दिवा चालू होता. पोरं गेली होती, रायफली पेटीत होत्या, आणि सर बाकावर फोन गुडघ्यावर ठेवून बसले होते. घरी जात नाही का विचारलं, तर म्हणाले, गाडी तेल्हाऱ्याले साडेसातले पोचते. मी त्यांच्या शेजारी बसलो. काही वेळाने त्यांनी विचारलं, ‘तुमचे एवढे पोट्टे डॉक्टर झाले. कोणी फोन करते?’

मी खोटं बोलणार होतो, पण जमलं नाही. कोणी करत नाही, म्हणालो. निकालाच्या दिवशी पेढे देतात, फोटो काढू देतात, मग नाही. ते म्हणताना मला वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं वाटलं नव्हतं याचं जास्त वाटलं.

साडेसात झाले. आठ वाजत आले. गाडी रस्त्यात थांबली असेल, मी म्हणालो. ते हो म्हणाले.

फोन वाजला तेव्हा सर उठून उभे राहिले, एखादा साहेब आल्यासारखे. पलीकडून साक्षी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ‘हाव,’ सर म्हणाले. ‘हाव. जेव आता.’ फोन ठेवल्यावरही ते उभेच होते.

‘पोचली,’ ते मला म्हणाले. मग भिंतीकडे वळून, जरा वेळाने, पुन्हा म्हणाले, ‘पोचली पोरगी.’