सोपानमामांचा प्रायव्हेट नंबर

आमच्या शेजारचे सोपानमामा कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. मामी म्हणाल्या, "भाजीत मीठ घातलंय," की मामांचं ठरलेलं, "नंबर दे."

मामा दौंडजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. फाटक बंद केलं की फोनवरून स्टेशन मास्तरला एक प्रायव्हेट नंबर सांगायचा, फाटक खरंच बंद असल्याची खूण म्हणून. तो मिळाल्याशिवाय मास्तर गाडीला सिग्नल देत नाही. जन्मभर नंबर दिले, आणि रिटायर झाल्यावर सगळ्या जगाकडे मागत सुटले. मी कुरकुंभला औषधाच्या कंपनीत, तर मला विचारायचे, "भाऊ, तुमच्या गोळीत औषधच हाय, ह्याचा नंबर काय?"

अशा माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. म्हणाले, "मुळापासून जाणार नाही, पण आटोक्यात ठेवू." मामांना हे फार पटलं. "मानूस खरा हाय. जाईल म्हनला असता, तर मी उठून आलो असतो."

पण कॉलनी गप्प बसते होय? कुणी कसलीशी साल आणली, कुणी काढा. मामा सगळ्यांना चहा पाजायचे आणि एवढंच विचारायचे, "ह्यानं बरा झालेला मानूस कुठं हाय? मला भेटायचंय." तो नेमका सांगणाऱ्याच्या मेव्हण्याच्या साडूनं कुठंतरी पाहिलेला असायचा. तिथंच गाडी अडायची.

एके दिवशी मामींनीच पेपर पुढं केला. कुण्या वैद्याच्या पुडीची जाहिरात होती. खाली बऱ्या झालेल्या बागायतदाराचा फोटो, नाव, शिरूरकडचं गाव.

"घ्या तुमचा नंबर," मामी म्हणाल्या. म्हणाल्या हसतच, पण दुखणं कळल्यापासून त्यांना घास जात नव्हता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बिचाऱ्या पार खचल्या होत्या.

रविवारी मी मामांना स्कूटरवर बसवून निघालो. विचारत विचारत गाव सापडलं, मळा सापडला. फोटोतला माणूसही सापडला. ओसरीच्या भिंतीवर, हार घातलेला.

"दिवाळीतच गेले," त्याची बायको म्हणाली. "अजून छापत्यात व्हय त्ये?"

मामा तिला एका अक्षरानं पुडीबद्दल बोलले नाहीत. चहा घेतला, मेथीच्या वाफ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मळा चांगला ठिवलाय, बाई."

मामींना कसं सांगायचं, याची मी येताना वाटभर जुळवाजुळव करत होतो. मामी दारातच उभ्या.

"भेटला का?"

"भेटला की," मामा म्हणाले. "ठणठणीत हाय. मेथी खुडत व्हता. पन पुडीनं न्हाई गं, इंजेक्शननं. माझंच इंजेक्शन. त्या वैद्यानं उगं फोटो छापलाय."

मामींनी देवापुढं साखर ठेवली आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या.

पुढं मामी अधूनमधून विचारायच्या, "ते शिरूरकडचे कसं हाईत वो?" आणि मिठाचाही नंबर मागणारे मामा बेधडक सांगायचे, औंदा त्यानं झेंडू केलाय, लेकीला स्थळं बघतोय. मी ऐकत बसायचो. मेलेल्या माणसाचा संसार असा भरभराटीला आलेला मी दुसरा पाहिला नाही.

एकदा मामी म्हणाल्या, "त्यास्नी जेवाय तरी बोलवा."

मामा अडखळले. "येईल की. कांदा निघू दे. व्हय का न्हाई, भाऊ?"

"व्हय," मी म्हणालो.

मामींनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मामांनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"फाटक उघडं हाय आन् नंबर दिलाय, भाऊ," ते हळूच म्हणाले. "सबंध नोकरीत असं कवा केलं न्हवतं."