गाव विचारायचं नाही

"तीन लाख! एक रुपया कमी नाही!" अवधूतनं जाहीर केलं, तेव्हा अंगणातली बारा वर्षांची पांढरी गाडीसुद्धा लाजली असेल.

चारुशीलानं ओवीला वरणभात भरवता भरवता मोबाइलवर तसल्याच गाड्यांचे भाव पाहून ठेवले होते. "अहो, दीड लाखाच्या वर कुणी देत नाही. शोरूमवाला तर एक लाख दहाच म्हणाला."

"त्या नुसत्या गाड्या गं! हिचं सीटकव्हर बघ, टेप बघ. आणि ओवीला दवाखान्यातनं घरी कुणी आणलं? हिनंच ना?"

वा! बाळंतपण झालं चारूचं आणि भाव वाढला गाडीचा!

चारूला घाई होती. जुनीचे दीड लाखाच्या आसपास आले, की ते भरून नवी घ्यायची होती. थंडीत ही लाडकी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही, आणि ढकलायचं काम चारूचं. स्टिअरिंगला म्हणे अनुभव लागतो!

तीन लाखांच्या जाहिरातीला एकच माणूस भुलला, तो विट्याहून कराडला आला. पण ओसरीवर सासरे नानासो बसलेले.

"पावणं, गाव कंचं?"

झालं! चहा निवायच्या आत तो नानासोंच्या साडूच्या व्याह्यांचा भाचा निघाला. "आरं, घरचाच की रं तू! अवधूता, पावण्याकडनं तीन लाख घेतूस? दोन कर." पाहुणा दोनलाही तयार झाला नाही. मटणाचं जेवण मात्र चापून गेला.

त्या दिवशी चारूनं कारभार हातात घेतला. "भाव एक पंचेचाळीस. एक चाळीसला द्यायची. आणि नाना, गिऱ्हाइकाला गाव विचारायचं नाही!"

"मंग बोलायचं काय?" नानासो खरोखरच गोंधळले.

रविवारी कवठे महांकाळहून दादासो आणि बनुबाई हे जोडपं आलं. नानासोंना चारूनं ओवीसकट बागेत पाठवून दिलं होतं. दादासोंनी बॉनेट उघडलं, टायरला लाथ घातली, खाली वाकून बघितलं. चारूनं काही लपवलं नाही. "थंडीत सकाळी ढकलावी लागते."

"ढकलू की! आमच्यात मानसं लय हायती," बनुबाई म्हणाल्या.

सौदा एक चाळीसला ठरला. अवधूत बायकोकडं अशा नजरेनं बघू लागला, जसं त्यानं लग्नातही बघितलं नव्हतं. चारूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भाव ठरवायला अक्कल लागते, माया नव्हे! आता तेवढा चहा दिला की झालं. कप पुढं करताना, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली,

"माहेर कुठलं हो तुमचं?"

अवधूतनं डोळे मिटून घेतले.

"माजं व्हय? बोरगाव."

"अय्या! माझ्या आईचं माहेर! कुणाच्यातल्या तुम्ही?"

"पाटलाच्या आळीतली. तू कुनाची गं?"

"सुंदराची थोरली!"

"आगं माज्या वाघिनी! सुंदरा माजी मावसभन!" बनुबाईंनी चारूच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "आवं, ही तर माजी भाची! मंग भाचीच्या दारातनं मावशीनं बाजारभावानं गाडी न्यायची व्हय?"

"नाही... म्हणजे... एक तीस द्या मावशी."

"तीस? तुज्या आयेला मी काखंत घिऊन हिंडलीया!"

"वीस."

"तिच्या लग्नात हळद मीच लावली, पोरी!"

चारूचे डोळे भरून आले आणि भाव आला एक लाखावर! वर मावशी पहिल्यांदाच दारात आलेली, म्हणून चारूनं ओटी भरली, आणि कपाटातली न नेसलेली पैठणी त्या ओटीत गेली. दादासोंना कराडच्या गर्दीत गाडी चालवायची भीती वाटली, म्हणून अवधूतनं स्वतःचं पेट्रोल घालून ती कवठे महांकाळला पोचवली आणि एसटीनं उभा राहून परत आला.

नवी गाडी पुढच्या वर्षावर गेली. चौघांच्या घराला उरली एक स्कूटी.

महिन्याभरानं मावशीचा फोन आला. "चारू, गाडी लय ग्वाड चालतीया बग! आन् ऐक, ती स्कुटी कवा काढलीस, तर परक्याला दिऊ नगंस हां!"