मुख्तार मास्तरांचा शनिवार

उस्मानपुऱ्यातले शिंपी मुख्तार मास्तर यांच्या हातात सफाई होती, हे त्यांचे दुश्मनसुद्धा कबूल करत. कोट असा बसवायचे की पोट सुटलेला माणूसही आरशापुढे दोन मिनिटं जास्त रेंगाळे. खोट एकच होती. पावतीवर जो वार लिहीत, त्या वारी कपडा मिळत नसे. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल या धास्तीनं ते प्रत्येकाला 'देतो की' म्हणत आणि मग चार दिवस उशिरा देत. तीन नाही, पाच नाही, बरोबर चार. बावीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

दुकानातला उशीर त्यांच्या पाठोपाठ घरीही येई. एका मेव्हण्याचं, एका चुलत भावाचं आणि एका पुतणीचं, अशी तीन लग्नं त्या शिलाई मशीनपायी गाठायची राहिली होती. आता त्यांची बायको रईसा हिच्या धाकट्या बहिणीच्या, शमशादच्या, मुलीचा निकाह सोयगावला ठरला. शमशादचं पत्र आलं त्याच दिवशी रईसानं आवाज न चढवता सांगून टाकलं.

"रविवारी निकाह हाय. शनिवारी चारच्या गाडीत मी बसणार. तुम्ही आलात तर बरं. नाय आलात तर मी तिथंच राहीन, मग फुरसतीनं न्यायला या. तुमची फुरसत मला ठाऊक हाय."

ती भांडली असती तर मास्तरांनी मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे बोलली म्हणून ते घाबरले.

कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी हसीना मदतीला धावली. तिनं एका कागदावर वेळापत्रक आखलं आणि मशीनसमोरच्या भिंतीला डकवलं. चहा दोनदाच. शेजारच्या चांदपाशाच्या सायकल दुकानात गप्पा मारायच्या त्या जेवण झाल्यावर, तेही उभ्या उभ्या. हातातलं काम संपेपर्यंत नवं कापड घ्यायचं नाही. आणि पावतीवर शनिवार लिहिलाय ना, मग शनिवारीच द्यायचं. मास्तर तसे हाडाचे कारागीर. एकदा मशीनवर बसले की उठत नसत. अडचण होती ती बसण्यापर्यंतचीच. वेळापत्रकानं ती तेवढी सोडवली. शुक्रवारी संध्याकाळी सगळे कपडे इस्त्री होऊन खुंट्यांना लागले होते, आणि मास्तर रिकाम्या हातांनी त्यांच्याकडे बघत उभे होते. रिकाम्या हातांचं काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांनी वेळेत दुकान उघडलं. दहा वाजले, अकरा वाजले, कुत्रंही फिरकेना. बारा वाजता चांदपाशा हात पुसत आला आणि त्यानं समजूत घातली.

"मास्तर, तुमचा शनिवार म्हंजे बुधवार. हे पोरासोरांना ठाऊक हाय. आज कोण येनार?"

मास्तरांना एकट्या कडूबाची काळजी लागली. कडूबा हर्सूलचा. त्याच्या मुलाचं लग्न रविवारी, म्हणजे उद्याच, आणि नवरदेवाचा कोट इथे खुंटीला. बाकीचे येवोत बुधवारी, पण नवरदेव बुधवारपर्यंत उघडा कसा थांबेल? लग्नाच्या गडबडीत बिचारा विसरला असणार, असं ठरवून मास्तरांनी कोट चादरीत गुंडाळला आणि सायकल काढली. जाऊन येऊन चारची गाडी सहज मिळेल, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज रस्त्याचा बरोबर होता, माणसांचा चुकला. गुलमंडीवर बद्रीनाथ गुरुजींनी त्यांना अडवलं. त्यांची पँट तयार आहे हे ऐकून गुरुजींचा चेहरा उतरला आणि दुकान बंद करताय का, अशी त्यांनी हळूच चौकशी केली. पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकानं तब्येत विचारली. तिसऱ्यानं तर आपल्या शर्टाऐवजी दुसऱ्याचा शर्ट गळ्यात मारत असावेत असा संशय घेऊन बाह्यांचं माप तोंडपाठ म्हणवून घेतलं. तिघांची समजूत काढता काढता हर्सूल गाठायला अडीच वाजले.

कडूबाच्या दारात मांडव नव्हता. वाजंत्री नव्हती. कडूबा बनियनवर भिंतीला चुना मारत होता आणि त्याची म्हातारी आई मनकर्णाबाई उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. मास्तरांच्या हातात कोट बघून म्हातारीच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

"आरं कडूबा," ती घाबरून म्हणाली, "मास्तर कोट घिऊन आला. लगीन हून गेलं का काय आपल्या पोराचं?"

कडूबा खाली मान घालून पुढे आला. "मास्तर, राग मानू नका. लगीन गुरुवारी हाय. तुमाला रैवार सांगितला व्हता. समदेच तसं सांगतेत."

मास्तरांनी राग मानला नाही. त्यांना तेवढी सवडच मिळाली नाही. वेळेवर आलेला कोट बघायला गल्ली जमली. नवरदेवाला शेतातून बोलावणं गेलं, त्याला अंघोळ घालून कोट चढवण्यात आला, तो मागून, पुढून आणि चालवून बघण्यात आला. चहा झाला, मग पोहे झाले. मास्तर निघाले तेव्हा पावणेचार वाजले होते. स्टँडवर पोचले तेव्हा सोयगावच्या गाडीची जागा मोकळी होती.

घराला कुलूप असेल असं धरूनच ते गल्लीत शिरले. दार उघडं होतं. रईसा आत मेथी निवडत बसली होती.

"गाडी गेली," मास्तर म्हणाले.

"जाऊ द्या. निकाह गुरुवारी हाय. बुधवारी निघू."

मास्तर उंबऱ्यावरच बसले. आपण बावीस वर्षं लोकांना फसवतो, याची त्यांना मनातून लाज वाटायची. आज कळलं की कुणीच फसलं नव्हतं, घरचं माणूससुद्धा. हे त्यांना जास्त लागलं.

"मी आज वेळेवर होतो, रईसा," ते एवढंच म्हणाले.

रईसानं मेथी बाजूला सारली. डोक्यावर पदर घेऊन ती दुकानात गेली. खुंट्यांना लागलेले कपडे तिनं एकेक करून बघितले आणि गुपचूप परत आली. त्या रात्री मेथीची भाजी तिच्या हातून करपली, आणि मास्तरांनी तक्रार केली नाही.

बुधवारी सगळे कपडे चांदपाशाच्या हवाली करून दोघांनी पहिली गाडी धरली. सोयगावला दुपारी पोचले. शमशादच्या दारातही मांडव नव्हता. ती ओल्या केसांनी बाहेर आली, दोघांना बघून जागच्या जागी थबकली आणि शेजारणींसमोर लाजून लाल झाली.

"आपा, इतक्या लौकर? निकाह सोमवारी हाय. भाईजान येळेवर येत नाय म्हणून तुला गुरुवार कळवला व्हता."

शेजारणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बहीण आपल्या येण्यातही चार दिवसांचा उशीर धरून चालते, हे रईसाला आत्ता कळत होतं. मास्तरांनी खाली बघितलं. आता रईसा आपल्यावरच उखडणार, असं त्यांना वाटलं, आणि ते तिच्या बाजूनं बरोबरच होतं.

रईसानं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"आमचे हे येळेवर आलेत, शमशाद," ती म्हणाली. "तुझ्याच मांडवाला उशीर झालाय. आधी त्यांना पाणी दे."