चौरस फुटाला काय पडलं?

बायकोने दोन लहान गोल टेबलं आणायला सांगितली होती आणि दरडोई एक मोठं घेऊन आले.

'दरडोई' हे नाव विमा कंपनीतल्या सहकाऱ्यांनी ठेवलेलं. साबण घेताना ते ग्रॅममागे काय पडतं ते काढत, पंखा घेताना पात्यामागे. आणि खरं सांगायचं तर त्यांचं गणित आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

त्या रविवारी होणाऱ्या विहीणबाई मुलाला घेऊन पहिल्यांदाच जेवायला यायच्या होत्या. लग्नाला त्यांनी अजून होकार दिला नव्हता. आधी घर बघते, म्हणाल्या होत्या. बाई कडक आहेत, असं मुलगीच सांगत होती. तेव्हापासून बायकोची झोप उडाली होती आणि घर घासूनपुसून लख्ख झालं होतं.

दुकानात तीन फुटी दोन टेबलं सहा हजारांना होती, सहा फुटी एक सात हजारांना. दरडोईंनी खिशातून पेन काढलं. व्यास दुप्पट झाला की जागा चौपट होते, हे त्यांनी दुकानदाराला समजावून सांगितलं. म्हणजे हजार जास्त दिले की दोन टेबलांच्या दुप्पट टेबल. दुकानदाराने आदराने मान डोलावली. ते टेबल दोन वर्षं आपल्या गळ्यात पडलंय, हे काही त्याने सांगितलं नाही.

रविवारी सकाळी हमालांनी टेबल कडेवर उभं करून दारातून आत घातलं. लोखंडी पाय पक्के जोडलेले, निघायची सोय नव्हती. निम्मं आत आल्यावर समोर भिंत लागली. मागे ओढावं तर पाय चौकटीत अडकले. तासभर ढकलाढकली करून हमाल मजुरी घेऊन निघून गेले.

"अहो, दार मोजलं होतंत का?" बायकोने विचारलं.

"दार कुठे विकत घ्यायचं होतं?"

यावर तिने फक्त घड्याळाकडे बघितलं, तेव्हा मात्र दरडोई घाबरले.

बाराच्या ठोक्याला विहीणबाई दारात उभ्या. मागे त्यांचा मुलगा. बाईंनी टेबल वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी पर्स गळ्यात अडकवली, खाली वाकल्या आणि टेबलाच्या पायांमधून आत शिरू लागल्या. निम्म्यात थांबल्या.

"चौरस फुटाला काय पडलं?"

"अडीचशेच्या आत," दरडोईंनी तत्काळ सांगितलं.

"स्वस्तात मिळालं. मला तीनशे पडले होते."

बायकोने धीर करून विचारलं, "मग तुम्ही ते आत कसं नेलंत?"

"नेलं कुठे? सहा वर्षं गच्चीवरच आहे." बाई आत येऊन उठल्या आणि कपडे झटकत म्हणाल्या, "मला धास्ती वेगळीच होती. तुमचं घर फार शहाण्यासारखं निघालं, तर तुमची मुलगी आमच्याकडे टिकायची कशी? आता काळजी मिटली."

मुलीने दाराबाहेर बघितलं. तिचा होणारा नवरा टेप काढून चौकट मोजत होता.

जेवणं जमिनीवर चादर अंथरून झाली. जमीन चौरस फुटाला शून्य पडते, हे दरडोईंच्या लक्षात आलं, पण बायकोकडे बघून त्यांनी ते मनातच ठेवलं. विहीणबाईंनी मात्र दुसऱ्या घासालाच ते बोलून दाखवलं.