आपांचं पायडल

मालवणच्या बाजारात आपांचं सायकलचं दुकान होतं. तिथे पायडल नुसतं मागून मिळत नसे. त्यासाठी आधी चालून दाखवावं लागे; भाड्याच्या सायकललाही आपा माणसाची चाल बघूनच पायडल बसवत. गिऱ्हाईक दारात आलं की आपा हातातल्या पान्यानेच रस्ता दाखवत. "त्या माडाकडे जा नि परत ये. बघूया, पाय काय म्हणता." मग गिऱ्हाईक भर बाजारात माडापर्यंत जाऊन येई. मासळीच्या पाट्या घेऊन चाललेल्या बायका थांबून बघत आणि तोंडाला पदर लावत.

गणपतीला मुंबईहून आलेले एक चाकरमानी टोकदार बूट घालून सायकल भाड्याने न्यायला आले. त्यांनाही माडाकडे जायचं फर्मान सुटलं.

"अहो, मला सायकल पाहिजे, नाटकात काम नको!"

"काम मिळाचा पण नाय," आपा म्हणाले. "फुडे जाता तो बूट, पाय खंय आसा तो बघूया."

दुसरा एकजण मुलगी बघायला निघालेला. त्याची चाल बघून आपांनी मान हलवली. "उजवो पाय मागे ओढता रे तुझो. तुका जावचा नाय. सायकल ने, पण ह्या लग्न होवचा नाय." लग्न झालं, आणि झकास झालं. तो पेढे घेऊन आला तेव्हा आपा पेढा खात म्हणाले, "पाय खोटा बोलणा नाय. तूच चुकलंस."

मी घाटावरचा, आजऱ्याकडचा. शाळा सहावीतच सुटली होती, मालवणच्या एका बेकरीत कामाला आलो होतो, आणि घर सोडून राहायची ती पहिलीच वेळ. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटे. समुद्राच्या आवाजाची, मालकांच्या खोकल्याची, घरून येणाऱ्या निरोपाची. त्या मालकांनी ठेवून घेतलं, माडीवर झोपायला जागा दिली, हे उपकार मी आजही मानतो. काम एकच होतं. सकाळी पावाची टोपली कॅरिअरला बांधून तारकर्लीला पोचवायची.

"सायकल येते?" मालकांनी विचारलं होतं.

"शिकतो," मी म्हटलं.

शिकलोही. पण तारकर्लीची वाट वाळूची. बेकरीच्या सायकलचं पायडल रबराचं, झिजून साबणासारखं झालेलं, आणि माझ्या पायात गावाकडचं जाड कातडी पायताण. वाळू लागली की पाय सटके आणि टोपलीसकट मी आडवा. दुसऱ्यांदा वाळूत माखलेले पाव परत आणले तेव्हा मालक ओरडले नाहीत. "उद्याची फेरी बघतो," एवढंच म्हणाले. "नाहीच जमलं तर तुला गावच्या गाडीत बसवून देतो." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. घरी तोंड काय दाखवणार?

बेकरीतले सगळे एकच सांगत, "ता पायताण काढ मरे! हय कोण पायताण घालून सायकल चलवता?" मी काढूनही बघितलं. अनवाणी बसलो की अशी तारांबळ उडे, की ब्रेकच्या जागी मी घंटीच वाजवत सुटे. त्या संध्याकाळी शेवटी सायकल हाताने ढकलत आपांकडे गेलो आणि न सांगताच माडापर्यंत चालून आलो.

"खंयचो रे तू?"

"आजऱ्याकडचा."

"म्हणानच! चढणीर चढल्यासारखो चलतस. हय सगळा सपाट आसा, मेल्या."

"आपा, सगळे म्हणतात, पायताण सोडलं तर जमेल."

आपांनी पाना खाली ठेवला. "खंयचो शाणो म्हणता? तुझे पाय घाटार वाढले. ते काय एका दिवसात मालवणी होतले? पायडल बदलूक येता. पाय कित्याक बदलतस?"

गाव सोडल्यापासून जो तो मला काहीतरी बदलायला सांगत होता. बोलणं बदल, जेवण बदल, पायताण बदल. हा पहिलाच माणूस, जो मला तसाच राहू देत होता.

त्यांनी फळीवरून दातेरी लोखंडी पायडलं काढली. मी घाईने हात पुढे केला, त्यावर चापट बसली. "थांब! हे दात तुझा पायताण धरून ठेवतले. वाळूत पाय टेकूक गेलंस तर पाय सुटाचो नाय, पडशीत तोंडार." मग कानस घेऊन ते एकेक दात बोथट करत बसले. थोडं घासलं की माझा पाय ठेवायला लावत, उचलायला लावत, पुन्हा घासत. "धरूक होया," ते पुटपुटत, "पण अडकवूक नको."

सकाळी निघालो. वाळू आली. पायताणाखाली पायडल घट्ट बसलं होतं, आणि पाय टेकावा लागला तेव्हा अलगद सुटलंही. तारकर्लीत टोपली उतरवली ती बांधली होती तशीच.

परतताना, मी पडायचो त्याच वळणावर, झाडाखाली आपा उभे! दुकान सोडून ते कुठे जात नसत.

"तुम्ही इथे कसे?"

"नारळ बघूक इल्लंय."

झाड सुरूचं होतं. आम्ही दोघांनी वर बघितलं.

"पाव पोचले?"

"पोचले."

"मगे दुपारी जेवूक ये."

मालकांनी रिकामी टोपली बघून मान डोलावली. म्हणजे मी राहिलो. दुपारी आपांकडे गेलो. त्यांचं घर दुकानाच्या मागेच. घरात दुसरं कुणी नव्हतं. चुलीसमोर दोन पाट मांडलेले. एक ताट रोजच्या वापरातलं, काळवंडलेलं. दुसरं कोकमाच्या सालीने घासून लखलखीत केलेलं, ते माझ्यापुढे. भात, बांगड्याचं तिखलं.

ताजे बांगडे पहाटेच्या बाजारातच मिळत; आपांनी ते घेतले तेव्हा माझी फेरी झालीही नसणार. मी विचारलं, "आपा, मी पडलो असतो तर?"

"तर काय? पडलेल्याक भूक लागणा नाय?"

पहिला घास घेतल्यावर मात्र ते थबकले. "खारट झाला मरे," ते खाली मान घालून म्हणाले. "दोन माणसांचा रांधूक बसलंय, तर मिठाचा मापच आठवना."

मी तिखलं दोनदा मागून घेतलं.