सासूबाईंच्या स्वेटरला लाल टॅग

स्वेटर विकत आणण्यापेक्षा सासूबाईंकडून विणून घ्यावा, हा विचार समाधान ओव्हाळच्या डोक्यात आला तेव्हा तो सांगवीच्या आपल्या घरात पोहे खात बसला होता. विचार अगदी साधा होता. (समाधानची सगळी संकटं अशीच साध्या विचारांतून उगवलेली आहेत. लग्नाचं नाव मी घेत नाही.)

झालं होतं असं, की चाकणच्या ज्या कंपनीत तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता, तिथल्या एचआरच्या ऋचा मॅडमनी फतवा काढला होता. डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी 'अग्ली स्वेटर डे'! परदेशात म्हणे लोक नाताळच्या सुमाराला मुद्दाम भयंकर दिसणारे स्वेटर घालून कामावर येतात. आपणही यायचं. स्वेटरवर आपल्या आवडत्या कार्टून मालिकेतलं पात्र पाहिजे आणि सगळ्यात कुरूप स्वेटरला बक्षीस.

आवडती मालिका कोणती, हा प्रश्नच नव्हता. ओव्हाळांच्या घरात 'भोपळे बिल्डिंग' सुरू झाल्याशिवाय रात्रीचं ताट वाढलं जात नसे. त्यातले नाना भोपळे हे समाधानचं दैवत. एक डोळा सुपारीएवढा, दुसरा लिंबाएवढा, नाक वांग्यासारखं जांभळं आणि तोंडात एकुलता एक दात. नाना दर भागात काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचे आणि अख्ख्या बिल्डिंगचं पाणी तरी जायचं, नाहीतर वीज तरी. सासूबाई "काय मेलं ते थोबाड!" असं म्हणत ते बघायच्या, पण मध्येच कुणी चॅनेल बदललं तर जेवण अर्धवट सोडून रुसायच्या.

या सासूबाई म्हणजे कस्तुराबाई. विणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचे मालक, म्हणजे समाधानचे सासरे, पिंपरीच्या कारखान्यात कामाला होते तेव्हा कॉलनीतले निम्मे कामगार थर्ड शिफ्टला त्यांच्या हातचा स्वेटर घालून जायचे. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या लेकीकडे, म्हणजे समाधानच्या बायकोकडे, श्रद्धाकडे राहायला आल्या. पण सुया काही पिशवीतून बाहेर निघाल्या नाहीत. "आता हात बसत न्हाई," एवढंच म्हणायच्या आणि खिडकीशी बसून राहायच्या. श्रद्धाला त्याचीच काळजी लागून राहिली होती.

"आई, माझ्यासाठी एक स्वेटर विणाल? नाना भोपळेंचा?" समाधानने विचारलं.

"त्या येड्याचा?"

"हो. आणि जमेल तितका वाईट विणायचा. डोळे वाकडे, रंग अंगावर येणारे. बघणाऱ्याला कसंतरी झालं पाहिजे."

कस्तुराबाईंनी लेकीकडे पाहिलं. जावयाला ताप तर नाही ना, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. पण दुसऱ्या दिवशी श्रद्धाने लोकर आणली आणि संध्याकाळी खिडकीशी सुयांची टकटक सुरू झाली. श्रद्धाने आनंदाच्या भरात त्या रात्री समाधानला दुसऱ्यांदा भात वाढला, तोही न मागता.

स्वेटर तयार झाला आणि समाधानचं तोंड उतरलं. स्वेटर सुंदर झाला होता! नानांचे दोन्ही डोळे एकसारखे, नाक गव्हाळ आणि सरळ, तोंडात दातांची अख्खी रांग, केसांचा नीट भांग. नाना भोपळे एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक दिसत होते. गळ्याला वेलबुट्टीसुद्धा होती.

"डोळं सारखं केलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "गरिबाला तिरळा कशापायी ठिवायचा? आन् दात बी बसवलं. खाईल बिचारा चार घास."

"छान झालाय," समाधान म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात ड्रॉइंगप्रमाणे न निघालेल्या मालाला लाल टॅग लागतो आणि पास झालेल्या मालाला हिरवा. समाधानने नोकरीत इतके लाल टॅग बांधले होते की घरात करपलेली पोळी ताटात आली तरी त्याचा हात खिशाकडे जायचा. तर त्या संध्याकाळी त्याने बॅगेतून एक लाल टॅग काढला, त्यावर 'डोळे समान. नाक सरळ. दात जास्त. रिजेक्ट' असं लिहिलं, स्वेटरच्या बाहीला बांधला आणि परचेसमधल्या सलिलला फोटो पाठवला. सलिलने हसण्याची चिन्हं ओळीने पाठवली. समाधान खूश होऊन अंघोळीला गेला. टॅग तिथेच राहिला.

तो डोकं पुसत बाहेर आला तेव्हा स्वेटर कस्तुराबाईंच्या मांडीवर होता.

"ह्यो लाल कागुद कशाचा म्हनायचा?"

"आई, ते... आमच्या कंपनीत एक पद्धत असते..."

"माज्या मालकाचं उभं आयुष्य कारखान्यात गेलं, जावईबापू. लाल टॅग म्हंजी काय, ते मला नका शिकवू." त्यांनी सुया पिशवीत घातल्या. "श्रद्धे, रविवारी मला कुरुळीला भिवाकडं सोड. लेकाच्या घरी निदान माज्या कामाला कुनी नावं ठेवीत न्हाई."

श्रद्धाने नवऱ्याला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज न चढवता बोलली. (जाणकार नवऱ्यांना हा प्रकार ठाऊक असतो. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं.)

"ती पुन्हा विणायला बसावी म्हणून मी किती आटापिटा केला, आणि तुम्ही रिजेक्ट केलंत?"

"अगं, गंमत होती..."

"मग आता तिला थांबवून दाखवा. नाहीतर तुम्हीही जा कुरुळीला."

समाधानला मनापासून वाईट वाटलं. सासूबाई गेल्या तर सुया कायमच्या बंद होणार आणि ते पाप आपल्या माथी, हे त्याला कळत होतं. त्याने लाल टॅग फाडून टाकला, हिरवा बांधला, स्वेटर अंगात चढवला आणि कस्तुराबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"आई, माल चांगला होता. तपासणारा गाढव निघाला."

कस्तुराबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तोच स्वेटर घालून भाजी आणायला गेला, दळण घेऊन आला, भर दुपारी गच्चीत वाळत घातलेले कपडे काढून आला. घामाने निथळला, पण स्वेटर उतरवला नाही. संध्याकाळी मात्र त्यांना राहवलं नाही.

"काढा त्यो. उकडून मराल. वाईटच पायजे ना तुमास्नी? बसा हितं म्होरं."

त्यांनी स्वेटरचा पुढचा भाग सरासरा उसवला. टाके मोजताना चुकू नयेत म्हणून पुढच्या दोन-तीन संध्याकाळी घरात टीव्ही बंद राहिला. समाधान दोन्ही हातांत लोकरीची लडी धरून समोर स्टुलावर बसे आणि कस्तुराबाई विणत. मधूनच सुया थांबवून त्या चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून बघत. अजून राग गेलेला नाही, असं समजून तो आणखीनच केविलवाणा चेहरा करी. कुरुळीचा रविवार येऊन गेला, पण पिशवीचं नाव कुणी काढलं नाही.

आणि स्वेटर झाला! एक डोळा बारीक, एक बटबटीत, नाक फुगलेलं, ओठ लोंबणारा. बघणाऱ्याला खरोखर कसंतरी होत होतं.

"आई! अगदी हुबेहूब नाना भोपळे!" समाधान ओरडला.

कस्तुराबाईंनी दाताने लोकर तोडली आणि नुसताच हात पुढे केला. समाधानने त्यावर हिरवा टॅग ठेवला.

शुक्रवारी पहिलं बक्षीस समाधानलाच मिळालं. टाळ्या थांबेनात.

"पण ओव्हाळ," ऋचा मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "कार्टूनचं पात्र सांगितलं होतं. तुम्ही तर स्वतःलाच विणून घेतलंत!"

"अहो मॅडम, हे नाना भोपळे आहेत!"

"राव, कुठले नाना?" सलिल म्हणाला. "ऑडिटच्या दिवशी तू असाच दिसतोस."

समाधानने मोबाइलवर नानांचा फोटो दाखवला. सगळ्यांनी तो पाहिला, स्वेटर पाहिला, समाधानला पाहिलं आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. वर चौघांनी स्वेटरच्या ऑर्डरी दिल्या.

तो घरी पोहोचला तेव्हा खिडकीशी टकटक चालूच होती. ऑर्डरींची बातमी ऐकून श्रद्धाने आईच्या गळ्यात हात टाकले. समाधानलाही बरं वाटलं. तरी एक गोष्ट त्याला विचारल्यावाचून राहवेना.

"आई, तुम्ही नाना भोपळेच विणले होते ना?"

"टीव्ही तर बंद हुता," कस्तुराबाई टाका न चुकवता म्हणाल्या. "इनायला नमुना म्होरं पायजे की न्हाई? तुमी बसलाच हुता."

"पण आई, मी काय इतका भयानक दिसतो?"

"हिरवा टॅग तुमीच लावला की." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि जावयाकडे मायेने बघितलं. "आन् मोतीबिंदू काढलाय, जावईबापू. आता मला समदं सोच्छ दिसतं."